ऑनलाइन प्रशिक्षण : लाभ आणि मर्यादा

प्रशिक्षणासाठी बँक कर्मचारी पूर्वी काही दिवस प्रशिक्षण केंद्रात जात असत आणि तेवढे दिवस शाखेतील काउंटरचा भार इतरांवर पडे. मार्च २०२० मधील टाळेबंदीत हे वर्ग थांबले आणि ऑनलाइन प्रशिक्षणास वेग आला.

या पद्धतीचे लाभ उघड आहेत. प्रवास व निवासाचा खर्च वाचतो. दुर्गम शाखेतील लिपिकालाही महानगरातील सहकाऱ्याबरोबर त्याच दिवशी शिकता येते. 'केवायसी'चे नियम बदलल्यास नवा पाठ सर्वांपर्यंत त्वरित पोहोचतो. न समजलेला भाग पुन्हा पाहता येतो.

मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. ५०० रुपयांची नोट तिरपी करताच तिच्यातील सुरक्षा धागा हिरव्याचा निळा दिसतो, गांधीजींचे चित्र बोटांना उठावदार लागते, हे पडद्यावर सांगता येते. परंतु बनावट नोट ओळखणारी बोटे नोटा हाताळूनच तयार होतात. संतप्त ग्राहकाशी बोलणे, कर्जदाराचा व्यवसाय पारखणे, हेही तसेच. शिवाय समोर रांग असताना पाठ भराभर पुढे सरकवून केवळ प्रमाणपत्र मिळविले जाण्याचा धोका असतो. अशा प्रमाणपत्राची किंमत अखेर ग्राहकालाच मोजावी लागते.

म्हणून नियम व माहिती संगणकावर आणि कौशल्य अनुभवी सहकाऱ्याच्या शेजारी बसून, ही विभागणी हितावह ठरते. त्यासाठी कामाच्या वेळातच अभ्यासाचा निश्चित तास राखून ठेवणे मात्र अगत्याचे आहे.