मणका सरकतो म्हणजे काय?

कंबरेत कळ येऊन पाय बधिर झाला की आपल्याकडे ‘मणका सरकला’ असे म्हणतात. वास्तविक या दुखण्यात मणका जागचा हलत नाही. दोन मणक्यांमध्ये कूर्चेची गादी असते. तिचे बाहेरचे कडे चिवट व आतला गर मऊ. कडे फाटले की गर बाहेर येतो आणि पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर दाब पडतो. म्हणूनच बिघाड कंबरेत असला तरी कळ पोटरीपर्यंत उतरते. आयुर्वेदात या वेदनेला ‘गृध्रसी’ म्हटले आहे.

१९३४ साली मिक्स्टर व बार या अमेरिकन डॉक्टरांनी हा कार्यकारणसंबंध दाखवून दिला आणि शस्त्रक्रियेचा मार्ग रूढ झाला. पुढे १९८३ साली नॉर्वेतील डॉ. वेबर यांनी, ज्यांना तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज नव्हती अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षअखेर शस्त्रक्रिया झालेले रुग्ण अधिक बरे होते. चार वर्षांनी मात्र दोन्ही गटांत फारसा फरक उरला नाही. याचे एक कारण असे की, बाहेर आलेला गर शरीर परका मानते व भक्षक पेशी तो हळूहळू संपवतात. नवल म्हणजे, मोठा तुकडा सुटून बाहेर आला असेल तर तो विरण्याची शक्यता अधिक असते.

माझे वडील बाजार समितीत हमाल आहेत. ५० किलोचे पोते उचलताना त्यांची गादी अशीच फाटली. पायातली ताकद शाबूत आहे, तेव्हा थांबून पाहू, असे डॉक्टरांनी सांगितले. दोन-तीन दिवस विश्रांती, वेदनाशामक गोळ्या, मग रोज थोडे थोडे चालणे आणि पुढे पाठीचे व पोटाचे व्यायाम, एवढाच उपचार. चौथ्या महिन्यात ते हिंडूफिरू लागले. पण तोवर मजुरी बुडाली. आईने खुरपणीला जाऊन घर चालवले. शस्त्रक्रियेचा खर्च वाचतो हे खरे, परंतु बरे होण्याची किंमत दिवसांत मोजावी लागते, आणि रोजंदारीवरच्या माणसाजवळ नेमके तेच नसतात.

मात्र लघवी अडणे, बैठकीची जागा बधिर होणे किंवा पाय लुळा पडत जाणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एरवी धीर धरावा, अंथरुणाला खिळून राहू नये. शरीराला सवड मिळाली तर ते आपले काम करते. ती सवड कष्टकऱ्याला कशी मिळेल, हा प्रश्न वैद्यकाचा नाही. तो आपणा सर्वांचा आहे.