घरच्या संगणकाची वेस

शिष्यवृत्तीचा अर्ज कागदावर होता तेव्हा तो कारकुनाच्या टेबलावर अडत असे. आता तो संगणकाच्या पडद्यावर अडतो. अडणारा विद्यार्थी मात्र तोच आहे.

टेंभुर्णी हे जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातले गाव. सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णीशी त्याची गल्लत करू नये. अशा गावातल्या एखाद्या घरात कोणी पोटाला चिमटा घेऊन जुना संगणक विकत आणतो. त्यावर पोरे अर्ज भरतात, निकाल पाहतात, बाबासाहेबांचे ग्रंथ वाचतात. एके दिवशी महाडीबीटीचे पान उघडत नाही, ‘पुढे’ हे बटण दाबले जात नाही, कोपऱ्यातून जाहिराती उसळू लागतात. मग तालुक्याच्या गावी जायचे, रांगेत उभे राहायचे, एक दिवसाची मजुरी बुडवायची. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. इतक्या कष्टाने मिळालेला हक्क एका बिघडलेल्या ब्राउझरपायी मुदतीबाहेर जावा, ही गोष्ट क्षुल्लक मानता येणार नाही. म्हणून या यंत्राचे व्यवहार आपण स्वतः समजून घेतले पाहिजेत.

प्रथम दोन शब्दांतला फरक पाहू. ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरची पाने दाखवणारा प्रोग्रॅम. क्रोम, फायरफॉक्स, एज ही त्याची नावे. त्याला स्वतःला न येणारी कामे करण्यासाठी पूर्वी बाहेरचा प्रोग्रॅम जोडावा लागे. फ्लॅश, जावा, सिल्व्हरलाइट ही ती जुनी प्लगिने. क्रोमने जावाचे प्लगिन २०१५ साली बंद केले, फायरफॉक्सने २०१७ साली. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातला मजकूर चालणेच थांबले. तेव्हा आज एखादे पान ‘फ्लॅश अपडेट करा’ असे सांगत असेल, तर ते फसवणुकीचे पान आहे असे निःशंक समजावे. आज लोक ज्याला प्लगिन म्हणतात ते बहुधा एक्स्टेन्शन असते. जाहिराती अडवणे, भाषांतर करणे, पीडीएफ बदलणे अशा कामांसाठी ब्राउझरच्या आत बसवलेला तो छोटा प्रोग्रॅम होय.

धोका नेमका कोठे आहे? एक्स्टेन्शन बसवताना ब्राउझर परवानगी विचारतो. ‘सर्व संकेतस्थळांवरील तुमचा सर्व डेटा वाचणे व बदलणे’ अशा अर्थाचे वाक्य तेथे येते आणि आपण न वाचता होकार देतो. या वाक्याचा अर्थ शब्दशः घ्यावा. पत्त्याशेजारचे कुलूप आपला मजकूर वाटेत सुरक्षित ठेवते. पण एक्स्टेन्शन वाटेत नसते, ते घरातच बसलेले असते. कुलूप उघडून पान पडद्यावर आले की आधार क्रमांक, बँकेचे खाते, पासवर्ड, सारे त्याला दिसू शकते. गावकुसाबाहेर राहून आपल्या वाडवडिलांनी साऱ्या गावाची वेस राखली. त्यांच्या नातवंडांनी स्वतःच्या घराची वेस मात्र सताड उघडी टाकावी, हे बरे नव्हे.

‘हे तर चांगले, नावाजलेले आहे’ एवढ्यावर विसंबता येत नाही. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे वीस लाखांवर लोक वापरत असलेले एक्स्टेन्शन. त्याच्या मूळ कर्त्याने ते २०२० साली दुसऱ्याच्या हाती दिले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात घातक मजकूर असल्याचे सांगून गूगलने ते काढून टाकले. डिसेंबर २०२४ मध्ये तर ‘सायबरहेवन’ या सुरक्षेचेच काम करणाऱ्या कंपनीच्या कर्मचाऱ्याला फसव्या पत्राने गाठून चोरांनी तिच्या एक्स्टेन्शनची विषारी आवृत्ती सुमारे चार लाख वापरकर्त्यांच्या वाटेवर ठेवली. एक्स्टेन्शन आपोआप अद्ययावत होते. काल जे सज्जन होते ते आज तसेच असेल, याची हमी कोणी देत नाही.

आता बिघाड शोधण्याची रीत. पान चालत नसेल तर प्रथम क्रोममध्ये इन्कॉग्निटो खिडकी उघडून तेच पान पाहावे. तेथे आपण मुद्दाम मुभा दिल्याशिवाय एक्स्टेन्शने चालत नाहीत. पान तेथे नीट चालले, तर दोष एक्स्टेन्शनचा किंवा साठलेल्या कुकीजचा. फायरफॉक्समध्ये मदतीच्या यादीत ‘ट्रबलशूट मोड’ आहे, त्याचा उपयोग असाच. तेथेही पान चालले नाही, तर दुसरा ब्राउझर लावून पाहावा. त्यातही तेच घडले तर दोष बहुधा त्या संकेतस्थळाचा किंवा आपल्या जोडणीचा, आणि आपला संगणक उगाच खोलत बसू नये.

दोष आपल्याकडचा असेल तर उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांतून एक्स्टेन्शनची यादी उघडावी. सगळी बंद करावीत. पान चालू लागले, की एकेक सुरू करीत जावे. ज्याच्या सुरू होण्याने पान अडते ते दोषी. जे आपण बसवल्याचे आठवत नाही, ते नुसते बंद न करता काढूनच टाकावे. काढलेले पुन्हा परत येत असेल तर दोन कारणे संभवतात. एक, आपले खाते दुसऱ्या संगणकावरही उघडे आहे आणि सिंकमधून ते परत येते. दुसरे, संगणकातच एखादा उपद्रवी प्रोग्रॅम बसला आहे. घरच्या संगणकावर ‘तुमचा ब्राउझर संस्थेद्वारे व्यवस्थापित आहे’ असे दिसले, तर दुसऱ्याची शंका घ्यावी, विंडोजमधल्या डिफेंडरने पूर्ण तपासणी करावी आणि मग ब्राउझरच्या सेटिंग्ज मूळ स्थितीत आणाव्यात. त्याने बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड जात नाहीत.

कोपऱ्यातून उसळणाऱ्या जाहिराती पुष्कळदा एक्स्टेन्शनच्या नसतातच. कोठल्या तरी पानाने ‘सूचना दाखवू का?’ असे विचारले होते आणि आपण होय म्हटले होते. साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सची यादी उघडून अनोळखी नावे काढली की त्या थांबतात. आधारसाठी अंगठ्याचे यंत्र चालत नसेल तर एक्स्टेन्शन शोधत बसू नये; त्याला आरडी सर्व्हिस नावाचा प्रोग्रॅम संगणकात लागतो आणि तो यंत्राच्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. मराठी टंकलेखनासाठीही बाहेरचे काही नको, विंडोज १० आणि ११ मध्ये मराठी कळफलक आधीच आहे.

राखणीचे नियम थोडे आहेत. एक्स्टेन्शने कमीत कमी ठेवावीत. ठेवलेल्यांना ‘सर्व संकेतस्थळांवर’ ऐवजी ‘क्लिक केल्यावरच’ एवढीच मुभा द्यावी. बँक आणि शिष्यवृत्तीसाठी एक वेगळा ब्राउझर राखावा, त्यात एकही एक्स्टेन्शन नसावे. जुन्या संगणकाचा प्रश्न मात्र कठीण आहे. विंडोज ७ वर क्रोमच्या नव्या आवृत्त्या फेब्रुवारी २०२३ पासून येत नाहीत आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नवा संगणक घेण्याची ऐपत नसेल तर जुन्या यंत्रावर फुकट मिळणारे लिनक्स बसवता येते. पासवर्ड गेल्याची शंका आली तर दुसऱ्या, निर्धोक यंत्रावरून तो बदलावा. पैसे गेले तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

कार्यकर्त्यांसाठी एक गोष्ट अधिक. भीमा-कोरेगाव प्रकरणातील आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची तपासणी अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने केली. जून २०१६ मध्ये ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून आलेल्या ई-मेलमधील फाइलद्वारे त्यात घुसखोरी झाली आणि पुढे बावीस महिने बाहेरून फाइली पेरल्या गेल्या, असे तिचा फेब्रुवारी २०२१ मध्ये उजेडात आलेला अहवाल म्हणतो. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाविषयीही पुढे असाच निष्कर्ष तिने काढला. तपास यंत्रणेने हे स्वीकारलेले नाही. येथे वाट एक्स्टेन्शनची नव्हती, ई-मेलची होती. पण धडा एकच आहे: आपल्या संगणकात काय शिरते याचा हिशेब आपण ठेवला नाही, तर तो दुसरा कोणी ठेवतो.

ज्याला हे कळले त्याने गल्लीतल्या आणखी दोघांना समोर बसवून, त्यांच्याच हाताने ती यादी उघडायला लावून शिकवावे. आपण करून दिले तर काम होते. त्यांनी केले तर ज्ञान होते. पुढच्या वेळी अर्ज अडला तर मजुरी बुडवून तालुक्याला जाण्याआधी निदान एकदा ती खिडकी उघडून पाहिली जाईल. शिकणे म्हणजे तरी याहून वेगळे काय असते?