सहलीआधी सहा आठवडे



येत्या पेसाहच्या सुटीत आपली मंडळी मसादाला जाणार आहेत आणि सर्पवाटेने पायी चढण्याचा अनेकांचा मनोदय आहे. ही वाट सुमारे 300 मीटर चढते. वाटेत सावली जवळजवळ नाही. म्हणून निवृत्त परिचारिका या नात्याने चार शब्द सांगते.

प्रथम एक कबुली. काही वर्षांपूर्वी हीच वाट उतरताना माझ्या यजमानांना भोवळ आली. रक्तदाबासाठीची, लघवी वाढवणारी गोळी त्यांनी सकाळी घेतली होती. आणि वाटेत आपल्यामुळे मंडळींचा खोळंबा नको, या संकोचाने पाणी मात्र टाळले होते. आम्ही त्यांना आडवे केले, पाय उंच धरले, छत्र्यांची सावली केली. पुरते शुद्धीवर आल्यावर घोट घोट पाणी पाजले. ते सावरले; पण परिचारिकेच्या घरीच दिव्याखाली अंधार होता!

वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. सहलीचा बेत सांगून त्यांचा सल्ला घ्यावा. चालण्याने साखर उतरू शकते, म्हणून मधुमेहींनी खिशात खजूर ठेवावेत. पेसाहमध्ये बिस्किटे तर चालत नाहीत.

शरीराची तयारी सहा आठवडे आधी सुरू करावी. प्रथम वीस मिनिटे चालावे, दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावी. चालताना बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग कमी करावा. जिना चढण्याबरोबर सावकाश उतरण्याचाही सराव करावा, कारण चढ दमवतो, पण गुडघ्यांची परीक्षा उतारावरच होते. नवे बूट त्या दिवशी प्रथमच घालू नयेत. पायाची नखे आधीच सरळ कापावीत.

छातीत दुखले, फार धाप लागली किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर तिथेच थांबून 101 या क्रमांकावर फोन करावा.

ज्यांना चढणे झेपणार नाही त्यांनी रोपवेने यावे. वरून मृत समुद्र सर्वांना सारखाच दिसतो. पाणी पिण्याचा, थांबण्याचा, “मला जमत नाही” असे म्हणण्याचा संकोच मात्र कोणीही बाळगू नये.

शालोम.