गावात ३५० ची कोरोना टेस्ट विमानतळावर ३९०० ला का होती? दुबईला परत जाणाऱ्यांच्या जानेवारी २०२२ मधल्या खर्चाचं गणित

कोन (पनवेल) : जानेवारी २०२२ मध्ये सुट्टीवर गावी आलेली आखाती देशांतली पोरं परत कामावर निघाली होती. तिकीट काढलं, बॅग भरली, व्हिसा चालू आहे, एवढ्यावर तेव्हा भागत नव्हतं. कोरोनाच्या टेस्टचे पैसे वेगळे बाजूला काढावे लागायचे, आणि ते थोडेथोडके नव्हते. पनवेलपासून म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड, महाडपर्यंत ज्या घरातलं माणूस आखातात होतं, त्या प्रत्येक घराचा हा प्रश्न होता.

एकाच विषाणूची टेस्ट. लॅबच्या केंद्रावर ३५० रुपयांना व्हायची आणि मुंबई विमानतळावर ३९०० रुपयांना. म्हणजे अकरा पट. असं का होत होतं आणि यात आपल्या हातात काय होतं, ते पाहू.

टेस्ट नेमक्या किती?

संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई, अबुधाबी, शारजा या भागात काम करणाऱ्याचं उदाहरण घेऊ. एका सुट्टीत त्याला तेव्हा चार वेळा टेस्टचा खर्च पडायचा.

१) भारतात येण्याआधी ७२ तासांतली आरटी-पीसीआर. ही तिथेच करावी लागायची. तिथल्या सरकारने ठरवलेला दर तेव्हा ५० दिरहम होता, म्हणजे तेव्हाचे साधारण १००० रुपये.

२) गावी आल्यावर सात दिवस घरीच विलगीकरण आणि आठव्या दिवशी आरटी-पीसीआर. हा नियम ११ जानेवारी २०२२ पासून सगळ्या परदेशी प्रवाशांना लागू झाला. खर्च ३५० रुपये.

३) परत जाताना ४८ तासांच्या आतली आरटी-पीसीआर. पुन्हा ३५० रुपये.

४) विमान सुटण्याआधी सहा तासांच्या आत विमानतळावरच रॅपिड पीसीआर. ३९०० रुपये.

बेरीज करा. एका माणसाचे ५६०० रुपये. नवरा-बायको असतील तर ११ हजार २००. यातले रुपयामागे जवळजवळ सत्तर पैसे एकट्या विमानतळावरच्या टेस्टचे होते. दुबईत उतरल्यावर आणखी एकदा स्वॅब घ्यायचे, तो वेगळा.

लसीचे दोन्ही डोस झाले म्हणून तेव्हा दुबईला जाताना टेस्ट माफ होत नव्हती. १२ वर्षांखालच्या मुलांना मात्र माफ होती. अमिरातीच्या स्वतःच्या नागरिकांनाही निघण्याआधीची टेस्ट लागत नव्हती. तिथे पाच-दहा वर्षं घाम गाळणारा आपला वेल्डर, ड्रायव्हर, मेकॅनिक कागदावर परदेशीच असतो, त्यामुळे भार त्याच्यावर यायचा.

गावात दर कसा उतरला?

मार्च २०२० मध्ये खाजगी लॅबला ४५०० रुपयांपर्यंत घ्यायची मुभा होती. कोनच्या इंडिया बुल्सच्या इमारतींमध्ये विलगीकरण केंद्र सुरू होतं, त्या वर्षातली ही गोष्ट. जून २०२० मध्ये राज्य सरकारने दर २२०० वर आणला. सप्टेंबरमध्ये १२००, ऑक्टोबरमध्ये ९८०, डिसेंबरमध्ये ७०० झाला. मार्च २०२१ मध्ये ५०० आणि डिसेंबर २०२१ मध्ये ३५०. किट देशात बनू लागले, लॅब वाढल्या, आणि प्रत्येक वेळी सरकारने दराला वरची मर्यादा घातली. म्हणून भाव पडला.

डिसेंबर २०२१ पासूनचा दर असा होता : केंद्रावर जाऊन स्वॅब दिला तर ३५०, हॉस्पिटलमध्ये किंवा विलगीकरण केंद्रात घेतला तर ५००, घरी बोलावलं तर ७००. यापेक्षा जास्त कोणी मागितले तर पावती मागायची. पावती हातात असली की तक्रार करता यायची.

मग विमानतळावर एवढे का?

पहिलं कारण मशीनचं. साध्या आरटी-पीसीआरमध्ये नव्वदेक नमुने एकत्र लावतात, त्यामुळे खर्च वाटला जातो. पण रिपोर्टला बरेच तास लागतात. रॅपिड पीसीआरमध्ये प्रत्येक माणसाचा नमुना वेगळ्या किटवर चालतो आणि निकाल काही मिनिटांत येतो. ते किट महाग.

दुसरं कारण सरळ आहे. तिथे दुसरं दुकान नव्हतं. कोन फाट्यावर एका लॅबने जास्त सांगितले तर माणूस पनवेलला जाऊन विचारायचा. विमानतळावर विमान चार तासांवर आलेलं असायचं, टेस्ट तिथेच करावी लागायची, भाव करायला जागाच नव्हती. मुंबईत हा दर आधी ४५०० होता. राज्य सरकारच्या सांगण्यावरून डिसेंबर २०२१ मध्ये तो ३९०० झाला. म्हणजे सांगणारं कोणी असलं की दर खाली येतो.

पैसे वाया कुठे जायचे?

४८ तास मोजले जायचे ते स्वॅब दिल्यापासून, रिपोर्ट आल्यापासून नव्हे. समजा विमान रविवारी पहाटे ४ चं आहे. शुक्रवारी सकाळी ९ ला स्वॅब दिला तर ४३ तास होतात, ते चालायचं. गुरुवारी संध्याकाळी ६ ला दिला तर ५८ तास होतात. तो रिपोर्ट फुकट गेला.

सरकारी केंद्रावर टेस्ट मोफत व्हायची. पण तेव्हा गर्दी होती. रिपोर्ट वेळेत मिळेल का हे आधी विचारून मगच तिथे स्वॅब देणं बरं होतं.

रिपोर्टवर क्यूआर कोड लागायचाच. नाव पासपोर्टवर आहे तस्संच, अक्षर न् अक्षर जुळावं लागायचं. लॅबमध्ये आधार कार्ड नव्हे, पासपोर्ट दाखवायचा.

विमानतळावर फार लवकर जाऊनही उपयोग नव्हता. पहाटे ४ च्या विमानाची रॅपिड टेस्ट रात्री १० नंतरचीच धरायचे. त्या हिशोबाने कोनहून निघायचं, रांगेसाठी हातात वेळ ठेवायचा.

स्वॅब न घेता निगेटिव्ह रिपोर्ट देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागण्यात अर्थ नव्हता. तो कागद क्यूआर स्कॅनला पकडला जाऊ शकत होता आणि रॅपिड टेस्ट काही चुकत नव्हती.

रॅपिड पॉझिटिव्ह आली तर?

मोठा धोका इथे होता. दोन दिवसांपूर्वीचा रिपोर्ट निगेटिव्ह असूनही विमानतळावर पॉझिटिव्ह येऊ शकत होतं. नुकताच कोरोना होऊन गेलेल्या माणसाच्या नाकात विषाणूचे मेलेले अवशेष काही आठवडे राहतात आणि मशीन तेही पकडतं. तब्येत ठणठणीत असली तरी विमानात बसू देत नव्हते. म्हणून महिन्याभरात कोरोना झाला असेल तर निघायची घाई न करणं बरं होतं. तारीख बदलता येणारं तिकीट घेणं सोयीचं होतं. व्हिसाची मुदत संपत आली असेल तर शेवटच्या आठवड्याची वाट न बघणं शहाणपणाचं होतं. ३९०० गेले तर पुन्हा कमावता आले असते, नोकरी गेली तर अवघड होतं.

चारही पावत्या जपून ठेवायच्या. काही कंपन्या टेस्टचा खर्च द्यायच्या, पण मागितल्याशिवाय कोणी देत नव्हतं. सुपरवायझरला निघण्याआधीच विचारून घ्यायचं.

सौदी, कतार, कुवेतचे नियम वेगळे होते आणि सगळीकडेच ते पटापट बदलायचे. त्यामुळे एजंटच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. निघण्याच्या आदल्या दिवशी विमान कंपनीच्या वेबसाइटवर नियम एकदा बघूनच घर सोडा.