नोकरी नाही लागली तर शेती आहेच?



दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि नेमका तेव्हाच आपला गळीत हंगाम जोरात असतो. घरातला कर्ता माणूस तोडीच्या आणि गाडीच्या मागे लागलेला असतो. निकाल लागतो तेव्हा मशागतीची घाई असते. मग प्रवेशाच्या धांदलीत कुणीतरी पाहुणा सांगतो, "ह्या साईडला घाला, स्कोप आहे," आणि अर्ज भरला जातो. खोडवा राखायचा की मोडायचा यावर आपण आठ-आठ दिवस बोलतो. पोराच्या शिक्षणाचा निर्णय मात्र झेरॉक्सच्या दुकानात उभ्या उभ्या होतो. हे बरे नव्हे.

घरात काय बोलले जाते

मुलांच्या कानावर दोन वाक्ये सतत पडतात. "शीक, न्हाईतर शेतीच करावी लागंल" हे एक. "काहीच जमलं नाही तर शेती आहेच" हे दुसरे. पहिल्याने शेती ही शिक्षा ठरते, तर दुसऱ्याने ती उरलेल्याची जागा ठरते. दोन्ही ऐकून वाढलेला मुलगा पुढे शेतात आला तरी हरलेल्या मनाने येतो.

शिवाय "शेती आहेच" हे कितपत खरे आहे, तेही तपासावे. समजा चार एकर बागायत आहे, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशभर तो २००५ च्या दुरुस्तीने आला. आईचा हिस्सा बाजूला ठेवला तरी प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा एकराहून थोडेच अधिक येते. तेवढ्यावर एक संसार कसा चालेल, हा हिशेब मुलांपुढे मांडायलाच हवा.

हिशेबाची वही उघडा

उसाचे बिल आले की मुलांना जवळ बसवा. किती टन ऊस गेला, विकास सोसायटीची कपात किती, खते, लाइट बिल, मशागत यांना किती गेले आणि हातात काय राहिले, हे त्यांच्याच हाताने वहीत उतरवून घ्या. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला हे चांगले कळते. हिशेब कळला, की कुठल्या क्लासची फी आपल्याला झेपते आणि कुठल्या फीसाठी कर्ज काढावे लागेल, हा प्रश्न तो आपणहून विचारतो.

मात्र हिशेब सांगा, उपकार सांगू नका. "तुझ्यासाठी आम्ही एवढं राबतो" म्हटले की पोरगं मान खाली घालते आणि बोलणे तिथेच संपते.

प्रश्न बदला

"तुला काय व्हायचंय?" असे विचारले की डॉक्टर, इंजिनियर, पोलीस, स्पर्धा परीक्षा अशी ठरलेली उत्तरे येतात. मुलांनी दुसरे पाहिलेलेच नसते. त्यापेक्षा आपणच नीट पाहावे. विहिरीवरची मोटार दुरुस्तीला काढली की जवळून कोण हलत नाही? गाईला इंजेक्शन द्यायला डॉक्टर आले की कोण पुढे होते? बचत गटाचा हिशेब आईला कोण जुळवून देते? त्यावरून विचारा, "ह्यात तुला काय आवडतं?" समोर बसवून विचारले तर मुले गप्प होतात. पाणी धरताना, वैरण कापताना बरोबर असली की मोकळी बोलतात. आपण कमी बोलावे, त्यांना बोलू द्यावे.

उसाच्या मागोमाग चला

आपला ऊस शेतातून निघून साखर होईपर्यंत किती जणांच्या हातून जातो, ते मुलांना दाखवा. काट्यावरचा क्लार्क, मिलचा फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन, प्रयोगशाळेतला केमिस्ट, पॅनवरचा माणूस, डिस्टिलरीतला केमिस्ट. बॉयलर अटेंडंटला तर सरकारी परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावे लागते. बाहेर माती तपासणारे, ठिबक बसवणारे, ट्रॅक्टर आणि ऊसतोडणी यंत्र दुरुस्त करणारे आहेत. प्रत्येकाला एकच विचारायचे, "तुम्ही इथवर कसे आलात?"

वाटाही अनेक आहेत. दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये वेल्डर एका वर्षाचा, फिटर व इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. दोन वर्षांचा आय.टी.आय. झाल्यावर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, म्हणजे ती वाट पुढे बंद होत नाही. बारावी विज्ञाननंतर सी.ई.टी. देऊन बी.एस्सी. कृषी चार वर्षांची. त्यासाठी राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आपल्या राज्यात आहेत. साखर तंत्रज्ञानासाठी पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. ती संस्था १९७५ साली ऊस उत्पादक सभासदांनीच उभी केली. कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था तर १९३६ पासूनची.

आणि ज्याला शेतीच करायची आहे त्यालाही शिकवा. आपण लावतो ती को ८६०३२ किंवा फुले २६५ ही जात माणसांनी वर्षानुवर्षे अभ्यास करून काढली. प्रवरेचा कारखाना १९५० साली सुरू झाला तो विठ्ठलराव विखे पाटील हे शेतकरी आणि धनंजयराव गाडगीळ हे अर्थशास्त्रज्ञ एकत्र बसले म्हणून. शेत आणि शिक्षण एकमेकांपासून तोडून आपला सहकार उभा राहिलेला नाही.

मुलीलाही विचारा

हे सारे बोलणे मुलग्यांपुरते ठेवू नका. पुष्कळ घरांत मुलीचा निर्णय "कॉलेज जवळ आहे का" एवढ्यावर होतो. तिला काय जमते, काय आवडते, हे तिच्याच तोंडून ऐका. त्या वेळी आईही बोलण्यात असावी. पोरांचा कल बहुतेक वेळा तिला आधी कळलेला असतो.

यंदा ज्यांच्या घरी नववीतले मूल आहे त्यांच्या हातात अजून वेळ आहे. पुढचे बिल येईल त्या रात्री वही घेऊन बसावे आणि हंगाम संपायच्या आत एकदा शेतकी गट कार्यालयात विचारून मुलांना कारखाना दाखवून आणावा, ही आग्रहाची विनंती.