समुद्रातला किरणोत्सर्ग: किती टिकतो, कुठे उरतो?

वास्कोहून दक्षिणेला काणकोण ओलांडलं की कारवार लागतं. तिथे समुद्राला मिळणाऱ्या काळी नदीच्या काठी कैगाचा अणुवीज प्रकल्प आहे. प्रत्येकी २२० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्यांपैकी पहिल्या दोन २००० साली सुरू झाल्या. कैगाची बातमी आली की गोव्याच्या मासळीबाजारातही शंका निघतात. त्यातल्या काही रास्त असतात, काही ऐकीव.

गैरसमज: समुद्राचं पाणी मुळात किरणोत्सर्गमुक्त असतं.
वस्तुस्थिती: वास्कोच्या बायणा किनाऱ्यावर उन्हाळ्यात १५ लिटरची बादली भरा. तिच्यात दर सेकंदाला पोटॅशियम-४०चे साधारण १८० अणू फुटत असतात, म्हणजेच १८० बेकेरेल. हे पोटॅशियम पृथ्वीइतकंच जुनं, खाऱ्या पाण्याचा नैसर्गिक घटक आहे. समुद्रात युरेनियमही असतं, लिटरला सुमारे ३ मायक्रोग्रॅम. त्यामुळे नुसतं ‘किरणोत्सर्ग आढळला’ या वाक्यावरून काहीच कळत नाही.

गैरसमज: सीझियमचं अर्धायुष्य ३० वर्षं, म्हणजे पाणी ३० वर्षं दूषित.
वस्तुस्थिती: अर्धायुष्य (निम्मे अणू फुटायला लागणारा काळ) अणूचं असतं, किनाऱ्याचं नव्हे. एप्रिल २०११ मध्ये जपानमधल्या फुकुशिमाच्या अपघातग्रस्त अणुप्रकल्पाच्या सांडपाण्याच्या मुखाशी सीझियम-१३७ घनमीटरला ६ कोटी ८० लाख बेकेरेलपर्यंत चढलं होतं. पुढच्या महिनाभरात ते सुमारे हजार पटींनी उतरलं. एवढ्या काळात क्षयामुळे घट होते जेमतेम ०.२ टक्के, बाकीचं काम प्रवाहांनी आणि पाण्याच्या घुसळणीने केलं. मात्र पुढे घट मंदावली, कारण भूजलातून आणि गाळातून थोडं थोडं सीझियम येतच राहिलं.

गैरसमज: अर्धायुष्य संपलं की पदार्थ संपला.
वस्तुस्थिती: एका अर्धायुष्यानंतर निम्मा उरतो, दहांनंतर साधारण हजारावा भाग. आयोडिन-१३१साठी ही दहा अर्धायुष्यं म्हणजे ८० दिवस. सीझियम-१३७साठी ३०० वर्षं.

गैरसमज: समुद्र एवढा मोठा, सगळं विरून जातं.
वस्तुस्थिती: सगळं नाही. सीझियम चिकणमातीच्या बारीक कणांना धरून तळाशी बसतं. वर पाणी निवळलं तरी खाडीतला, बंदरातला गाळ ते वर्षानुवर्षं सांभाळून ठेवतो आणि वादळात पुन्हा ढवळला जातो. म्हणूनच नुसत्या पाण्याची तपासणी अपुरी. गाळ आणि मासळीही तपासावी लागते.

गैरसमज: पाणी उकळलं की ट्रिटियम जातं.
वस्तुस्थिती: ट्रिटियम हा हायड्रोजनचाच किरणोत्सर्गी प्रकार, तो पाण्याच्या रेणूतच बसतो. उकळून किंवा साध्या फिल्टरने तो वेगळा होत नाही. पण तो गाळातही साठून राहत नाही आणि शरीरातून साधारण दहा दिवसांत निम्मा बाहेर पडतो. नोव्हेंबर २००९ मध्ये कैगाच्या एका कूलरमधल्या पिण्याच्या पाण्यात ट्रिटियम असलेलं जड पाणी मिसळलं गेलं आणि पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या शरीरात गेलं. घटना गंभीर होती, पण आवाराच्या आतली. समुद्रातली गळती नव्हे.

गैरसमज: माशात एकदा शिरलेलं सीझियम कायमचं.
वस्तुस्थिती: समुद्रातल्या माशात सीझियमचं प्रमाण भोवतालच्या पाण्याच्या साधारण शंभरपट होऊ शकतं. पण पाणी स्वच्छ झालं की काही महिन्यांत मासाही ते बाहेर टाकतो. खाऱ्या पाण्यात पोटॅशियम मुबलक, म्हणून त्याच्यासारखंच वागणारं सीझियम माशात कमी शिरतं. गोड्या पाण्यात उलट: तिथला मासा कितीतरी जास्त साठवतो. तेव्हा कैगाची काळजी वाटलीच, तर आधी काळीवरच्या कद्रा जलाशयातली मासळी पाहावी, मग समुद्रातला बांगडा.

पुढच्या वेळी मोबाइलवर आकडा आला तर तीन गोष्टी विचारा: पदार्थ कोणता, नमुना पाण्याचा, गाळाचा की माशाचा, आणि मोजमाप लिटरला की घनमीटरला? पोटॅशियमचे लिटरमागचे १२ बेकेरेल घनमीटरमागे लिहिले, तर त्याच पाण्याचे १२,००० होतात.