डकोटा विमान

डकोटा विमान : दुसऱ्या महायुद्धात सैनिक व युद्धसाहित्य यांच्या वाहतुकीसाठी वापरलेले आणि युद्धानंतर मोठ्या प्रमाणावर नागरी वाहतुकीत आलेले दोन एंजिनांचे विमान. अमेरिकेतील डग्लस एअरक्राफ्ट कंपनीच्या डीसी-३ या प्रवासी विमानाची सी-४७ ही लष्करी आवृत्ती असून ‘डकोटा’ हे तिचे ब्रिटिश हवाई दलातील नाव होय. भारतात लष्करी व नागरी अशा दोन्ही प्रकारांना हेच नाव रूढ झाले.

डीसी-३ चे पहिले उड्डाण १७ डिसेंबर १९३५ रोजी कॅलिफोर्नियातील सँता मॉनिका येथे झाले. त्याच्या आरंभीच्या प्रकारात रात्रीच्या प्रवासासाठी १४ शयनांची सोय होती, तर दिवसाच्या प्रकारात २१ आसने होती. टपालाच्या उत्पन्नावर अवलंबून न राहता केवळ प्रवासी वाहतुकीतून नफा मिळवून देणारे पहिले विमान म्हणून त्याची गणना होते. अमेरिका युद्धात उतरल्यावर त्याच्या लष्करी आवृत्तीचे उत्पादन झपाट्याने वाढले व एकूण १०,००० हून अधिक विमाने तयार झाली. रशिया व जपान या देशांतही परवान्याखाली त्याचे उत्पादन झाले.

रचना : हे संपूर्ण धातूचे, खालच्या बाजूस पंख असलेले एकपंखी विमान आहे. पंखांची रुंदी सुमारे २९ मी., लांबी सुमारे १९·५ मी. आणि प्रत्येकी सुमारे १,२०० अश्वशक्तीची दोन हवाशीतित एंजिने अशी त्याची सर्वसाधारण मापे असून त्याचा सर्वसाधारण वेग ताशी सुमारे २६० किमी. आहे. लष्करी प्रकारात तळ मजबूत केलेला असून मागील बाजूस मालासाठी रुंद दुहेरी दार असे. कडेच्या बाकांवर २८ सैनिक बसत किंवा सुमारे २,७०० किग्रॅ. माल नेता येई. आखूड व कच्च्या धावपट्टीवरही ते उतरू शके आणि त्याची दुरुस्ती साध्या साधनांनी होई.

युद्धकालीन सेवा : आसाममधून हिमालयाच्या पूर्व रांगा ओलांडून चीनमधील कुनमिंग येथे रसद पोहोचविण्याच्या कामात १९४२ पासून या विमानांचा उपयोग झाला, मात्र अतिशय उंचीवर त्यांची क्षमता अपुरी पडे. ब्रह्मदेशातील मोहिमेत वेढलेल्या सैन्याला त्यांनी रसद पुरविली. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीवरील चढाईत अशा शेकडो विमानांतून छत्रीधारी सैनिक उतरविण्यात आले. १९४८ मध्ये बर्लिनच्या नाकेबंदीच्या आरंभीच्या काळात त्या शहरास होणारा पुरवठाही प्रामुख्याने याच विमानांनी केला.

नागरी रूपांतर : युद्ध संपताच हजारो विमाने जादा ठरून अल्प किंमतीत विक्रीस निघाली. त्यांतील लष्करी सामग्री काढून टाकणे, आतून ध्वनिरोधक अस्तर लावणे, आसने व प्रवाशांसाठी दार बसविणे आणि उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र मिळविणे, असे रूपांतराचे सर्वसाधारण स्वरूप होते. भारतात हे काम बंगलोर येथील हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कारखान्यात झाले. युद्धकाळात अमेरिकी विमानांची दुरुस्ती तेथेच होत असल्याने त्यास लागणारे कसब उपलब्ध होते.

स्वस्त विमानांमुळे वाहतूक कंपनी काढणे सोपे झाले आणि १९४६ नंतर अल्पावधीत भारतात अनेक कंपन्या निघाल्या. विमान स्वस्त असले, तरी इंधन, देखभाल व कर्मचारी यांचा खर्च कमी होत नाही आणि प्रवासीही आपोआप वाढत नाहीत. परिणामी बहुतेक कंपन्या तोट्यात गेल्या. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने १९५० मध्ये, उपलब्ध वाहतुकीच्या मानाने कंपन्यांची संख्या जास्त असल्याचे दाखवून दिले. अखेर १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण होऊन देशांतर्गत सेवा इंडियन एअरलाइन्सकडे आल्या. त्या महामंडळाला आरंभी मिळालेल्या विमानांत डकोटांचीच संख्या सर्वाधिक होती.

या विमानांची एक विशेष कामगिरी म्हणजे १९४९ मध्ये सुरू झालेली रात्रीची हवाई टपाल सेवा. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून रात्री निघालेली विमाने नागपूर येथे एकत्र येत आणि टपालाची व प्रवाशांची अदलाबदल करून पहाटेपर्यंत आपापल्या ठिकाणी परतत. देशाच्या मध्यभागी असल्यामुळे नागपूरची निवड झाली होती.

नागरी व लष्करी उपयोगांतील सीमारेषा मात्र पूर्णपणे पुसली गेली नाही. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैन्य उतरविण्यास प्रारंभ झाला, तेव्हा हवाई दलाच्या डकोटांबरोबर खाजगी कंपन्यांची विमानेही कामास लावण्यात आली. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहरसिंग यांनी मेजर जनरल थिमय्या यांच्यासह लेह येथील सुमारे ३,३०० मी. उंचीवरील कच्च्या धावपट्टीवर डकोटा उतरविले.

ऱ्हास व अवशेष : डकोटाचा कक्ष दाबानुकूलित नसल्याने त्यास वादळी ढगांच्या वरून उडता येत नसे व प्रवास त्रासदायक होई. फॉकर फ्रेंडशिप, ॲव्हरो ७४८ यांसारखी वेगवान टर्बोप्रॉप विमाने आल्यावर प्रवासी मार्गांवरून ते मागे पडले. तथापि याच उणिवेमुळे त्याचे आयुष्य वाढले; कारण दाबानुकूलित विमानाच्या कवचावर प्रत्येक उड्डाणात जो ताण येतो व ओसरतो, तो येथे येत नाही. त्यामुळे काही विमाने मालवाहतूक व संशोधन यांसाठी एकविसाव्या शतकातही वापरात राहिली. काहींना टर्बोप्रॉप एंजिने बसवून अंटार्क्टिकातील मोहिमांसाठी त्यांचा उपयोग करण्यात आला.

भारतीय हवाई दलातील डकोटा १९८० च्या दशकात निवृत्त झाले. मोडीत निघण्याच्या स्थितीतील एक डकोटा राजीव चंद्रशेखर यांनी विकत घेऊन ब्रिटनमध्ये दुरुस्त करविले व हवाई दलास भेट दिले. १९४७ मध्ये श्रीनगरला उतरलेल्या विमानाची आठवण म्हणून त्यास व्हीपी ९०५ हा त्या विमानाचा क्रमांक देण्यात आला. ते २०१८ मध्ये ब्रिटनहून उडत भारतात आले आणि हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या संग्रहात दाखल झाले.